आधी जागा, मग तंबू

तंबूच्या पिशवीला पुठ्ठ्याचा एक टॅग लटकवलेला असतो. त्यावर तीन गोष्टी ठळक छापलेल्या असतात : तंबू किती माणसांचा, किती ऋतूंचा आणि किती मिलिमीटर पाणी अडवणारा. दुकानात उभं राहून आपण हे तीन आकडे वाचतो, किमतीशी ताडून पाहतो आणि तंबू घेऊन घरी येतो. आकडे खोटे नसतात. पण सह्याद्रीत मुक्कामाला जाणाऱ्याची गाठ रात्रभर ज्या तीन गोष्टींशी पडते, त्यांच्याबद्दल टॅग चकार शब्द काढत नाही. खुंटी शिरू न देणारा कातळ, कड्यावरून उसळी घेणारा वारा आणि तंबूच्या आतल्या बाजूने टपकणारं दव, या त्या तीन गोष्टी. तंबू निवडायचा तो या तिघींकडे बघून. पावसाची पाळी त्यांच्यानंतर येते, हे वाचून आश्चर्य वाटेल. म्हणून आधी पावसाचंच बोलू.

टॅगवर ‘थ्री सीझन’ असं लिहिलेलं असतं. हे तीन ऋतू युरोप-अमेरिकेतले आहेत : वसंत, उन्हाळा आणि पानगळीचा शरद. चौथा म्हणजे बर्फाचा हिवाळा. तंबूंची ही वर्गवारी ज्यांनी केली त्यांच्याकडे पावसाळा नावाचा ऋतूच नाही, त्यामुळे आपला आषाढ-श्रावण या हिशेबात कुठेच बसत नाही. आल्प्समधला पाऊस दुपारी येतो, तास-दोन तास झोडपतो आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. महाबळेश्वरला चार महिन्यांत साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आंबोलीला त्याहून जास्त. तिथे ढग डोक्यावर नसतो, आपण ढगात असतो. चांगला तंबू अशा पावसाचं पाणी अडवेलही, पण हवेतला ओलावा तो अडवू शकत नाही. पहिल्या रात्री स्लीपिंग बॅग दमट होते, दुसऱ्या रात्री ती ओली असते, आणि मधल्या दिवसात काहीही वाळत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर तंबूत राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांच्या मागच्या पिढ्यांनी पावसाळ्यात राजगडच्या पद्मावती मंदिरात, हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत, पायथ्याच्या गावातल्या एखाद्या ओसरीवर पथारी टाकली ती काही नाइलाज म्हणून नाही. त्या ऋतूत दगडाचं छप्पर कापडापेक्षा चांगलं, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणजे आपल्याकडे तंबूचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. अधूनमधून परतीच्या पावसाची नाहीतर वळवाची सर येईल, ती झेलता आली पाहिजे. बाकी सगळे प्रश्न जमिनीचे आणि हवेचे.

जमिनीपासून सुरुवात करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा मुलूख तयार झाला. गडाच्या माथ्यावर, कड्याच्या कडेला, पठारावर जिथे तिथे तो काळा बेसाल्ट उघडा पडलेला असतो, किंवा वर वीतभर मुरमाड माती असते. खुंटी दोन बोटं आत जाते आणि खण्णकन आवाज येतो. जागा बदलून पुन्हा ठोकली तरी तोच आवाज. आता तुमचा तंबू खुंट्यांशिवाय उभाच राहत नसेल तर पुढे काय?

इथे तंबूंचे दोन वंश वेगळे होतात. एकात वाकवलेल्या काठ्यांचा सांगाडा स्वतःच्या बळावर उभा राहतो आणि कापड त्याला लटकतं किंवा त्यावर ताणलं जातं. घुमटासारखा दिसणारा, दोन काठ्या माथ्यावर एकमेकींना छेदणारा डोम हा त्यातला सर्वांत ओळखीचा प्रकार. दुसऱ्या वंशात कापड खुंट्यांनी ताणलं तरच त्याला आकार येतो. कमानींची रांग असलेला बोगद्यासारखा टनेल तंबू आणि चालायच्या काठ्यांवर तोललेले हलके तंबू या घराण्यातले.

दुसऱ्या वंशाचा इतिहास मोठा रोचक आहे. मॅटरहॉर्नवर 1865 साली प्रथम पोचलेल्या एडवर्ड व्हिंपरने स्वतःसाठी एक तंबू बेतला होता : दोन्ही टोकांना अॅशच्या लाकडाच्या दोन-दोन काठ्या, मधून दोर, आणि जमिनीचं कापड भिंतींनाच शिवलेलं. वजन 23 पौंड, म्हणजे साधारण साडेदहा किलो. चार माणसं त्यात झोपत आणि वाहायला हमाल असे. त्याच्या पुढच्या पिढीतल्या आल्बर्ट ममरीने काठ्या नेणंच सोडून दिलं. हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडीच त्याने खांब म्हणून उभ्या केल्या आणि वर हलकं कापड ताणलं. हा ममरी 1895 साली नंगा पर्बतवर कायमचा गेला, पण त्याची कल्पना टिकली. आज किलोभर वजनाचे जे तंबू ट्रेकिंगच्या दोन काठ्यांवर उभे राहतात, ते त्याच कल्पनेची संतती आहेत. अमेरिकेतल्या लांब पायवाटांवर महिनोन्‌महिने चालणाऱ्यांना ते प्रिय आहेत, आणि त्यात नवल नाही. तिथल्या जंगलात माती खोल असते.

आपल्या कातळावर मात्र स्वतः उभा राहणारा डोमच घ्यावा. खुंट्या न ठोकताही तो सरळ उभा राहतो, आणि जागा पसंत पडली नाही तर दोघांनी उचलून चार पावलं पलीकडे नेता येतो. मात्र स्वतः उभा राहतो म्हणून तो उडत नाही, असं समजू नये. रिकामा डोम वाऱ्यावर सुटला की थेट दरीचा रस्ता धरतो. त्याला बांधावाच लागतो, आणि खुंटीविना बांधायची एक साधी रीत आहे. ताणदोरीच्या टोकाला मोठा फास करायचा, त्यात मुठीएवढा दगड अडकवायचा. मग तंबूच्या बाजूला, त्या दगडाला खेटून, दोरीवर दोन हातांनी उचलावा लागेल असा धोंडा ठेवायचा. दोरी ताणली गेली की लहान दगड धोंड्यामागे अडकतो आणि ताण वाढेल तसा अधिकच रुतून बसतो. दोर थेट धोंड्यालाच गुंडाळला तर बेसाल्टची धार रात्रभरात तो कापून काढते. या रीतीत घासणारी जागा कमी, आणि तिथेही एखादी चिंधी घालता येते. यासाठी दोऱ्या लांब हव्यात. तंबूबरोबर येतात त्या आखूड असतात, म्हणून तीन-चार मिलिमीटर जाडीची दहा-बारा मीटर नायलॉन दोरी वेगळी घेऊन ठेवावी. आणि धोंडे शोधताना तटबंदीच्या, चौथऱ्याच्या, वाड्याच्या जोत्याच्या दगडांना हात लावू नये. एकेक दगड असा हलत गेला की जोत्याची रेघ पुसली जाते, आणि ती पुन्हा कुणालाच आखता येत नाही. सुटे धोंडे वापरले असतील तर सकाळी होते तिथे ठेवावेत. त्यांच्या खाली विंचवापासून पालीपर्यंत अनेकांचं घर असतं.

कासकडच्या आणि कोकणातल्या जांभ्या सड्यांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. तिथला मातीचा पातळ थर म्हणजे पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या वनस्पतींची बी-बियाण्यांची पेढी आहे. उन्हाळ्यात सडा करपलेला, ओसाड दिसतो तेव्हाही ती तिथे असते. अशा सड्यावर तंबू लावूच नये.

आता वारा. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, ही गोष्ट शाळेत शिकलेली असली तरी तंबूत झोपल्यावरच अंगाला कळते. ताशी 30 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटर कापडावर साधारण चार किलोंचा दाब देतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी 60 किलोमीटर झाला की दाब चौपट होतो, सतरा किलोंच्या घरात जातो. दोघांच्या तंबूची एक बाजू सहज दोन चौरस मीटर भरते, म्हणजे जवळजवळ पस्तीस किलोंचं ओझं, तेही स्थिर नव्हे, झटक्याझटक्याने येणारं. आणि पश्चिमेकडच्या कड्यांवर वारा आडवा येत नाही. कोकणातून येणारी हवा भिंतीला थडकते आणि वर उसळते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली टाकलेलं पाणी तुषार होऊन परत तोंडावर येतं, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. तोच वारा तंबूच्या बाहेरच्या कापडाखाली शिरून त्याला खालून उचलतो.

म्हणून दुकानात तंबू उभा करून मागावा आणि गुडघ्यांवर बसून तो वाऱ्याच्या नजरेने पाहावा. बाहेरचं कापड जमिनीपासून चार बोटांवर येऊन थांबतं का, की नुसती टोपी घातल्यासारखं माथ्यावरच बसतं? स्वस्त तंबूंत ही टोपी सर्रास दिसते, आणि वाऱ्याबरोबर आडवी आलेली सर तिच्या खालून थेट आत घुसते. ताणदोऱ्या बांधायच्या कड्या किती आणि कुठे आहेत? चार कोपऱ्यांत असतातच. भिंतीच्या मध्यावर, जिथे आतून काठी जाते तिथेही हव्यात, आणि त्या कडीच्या मागे, आतल्या अंगाला, कापड काठीला बांधायची पट्टी हवी. ती नसेल तर दोरी फक्त कापड ओढते आणि काठी बिनआधाराची वाकत राहते. ही लहानशी पट्टी असणं हे बनवणाऱ्याने खरोखर वाऱ्याचा विचार केल्याचं लक्षण आहे. तंबू घेताना मी सर्वांत आधी तीच शोधतो.

उंचीचंही तसंच. आत उभं राहता येणारा, सरळ भिंतींचा तंबू तलावाकाठी कुटुंबासाठी छान. कड्यावर तो शिडासारखा वागतो. बसल्यावर डोकं टेकणार नाही इतकी, म्हणजे शंभर-एकशेदहा सेंटिमीटर उंची पुरते. काठ्या जितक्या ठिकाणी एकमेकींना छेदतात तितका सांगाडा मजबूत. बकमिन्स्टर फुलरच्या भूमितीय घुमटावरून कल्पना घेऊन ‘द नॉर्थ फेस’ने 1975 साली ‘ओव्हल इन्टेन्शन’ नावाचा तंबू काढला, तेव्हापासून हिमालयातले जड, वादळी हवेचे तंबू याच पद्धतीने बांधले जातात. सह्याद्रीत एवढ्या काठ्यांची गरज नाही. दोन पुरतात; आडवी तिसरी असली तर उत्तम.

काठी कशाची आहे याला मात्र महत्त्व आहे. फायबरग्लासची काठी स्वस्त आणि जड असते. ती वाकत नाही, चिरते. आणि चिरली की तिचे सुयांसारखे तंतू बोटांत शिरतात, कापडही फाडतात. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची काठी आधी वाकते, म्हणजे सूचना देते, आणि वाकलेली काठी रात्र निभावून नेते. कोरियातल्या डीएसी कंपनीच्या अशा काठ्या जगभरातले अनेक नामवंत तंबू बनवणारे वापरतात. कुठलीही काठी असली तरी बरोबर वीतभर लांबीची एक धातूची नळी असावी. मोडक्या जागेवर ती सरकवायची, दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची, झालं. पैसे मर्यादित असतील तर भारी कापडापेक्षा चांगल्या काठ्यांवर खर्च करावेत.

तिसरी गोष्ट दवाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. डिसेंबरातली निरभ्र रात्र, पावसाचा थेंब नाही, आणि पहाटे तंबूच्या छतावरून थेंब गालावर पडतात. तंबू गळका निघाला अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात. गळका तो नसतो. पाणी आतलंच असतं.

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. दोघे असले तर अर्धा लिटर. आता हवेचा हिशेब पाहा. 25 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ धरू शकते. 15 अंशांना तीच हवा 13 ग्रॅमवर थांबते. दोघांच्या तंबूत जेमतेम दोन घनमीटर हवा असते, म्हणजे तिची ऐपत पंचवीसेक ग्रॅमची. आपण तिच्यात ओततो त्याच्या वीसपट. उरलेलं पाणी एकतर झरोक्यातून बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर सगळ्यांत थंड पृष्ठभागावर जमलं पाहिजे. आणि निरभ्र रात्री सगळ्यांत थंड पृष्ठभाग म्हणजे तंबूचं बाहेरचं कापड, कारण ते आपली उष्णता थेट मोकळ्या आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतं. त्याच्या बाहेरच्या अंगावर दहिवर पडतं आणि आतल्या अंगावर आपल्या श्वासाचं पाणी होतं.

यावरचा इलाज म्हणजे दोन भिंतींचा तंबू. आत जाळीची खोली, बाहेर पाणी अडवणारं आच्छादन, मध्ये वीतभर मोकळी जागा. वाफ जाळीतून बाहेर जाते, बाहेरच्या कापडावर तिचं पाणी होतं आणि ते ओघळून जमिनीवर उतरतं. झोपणाऱ्याच्या अंगावर येत नाही. त्यासाठी दोन कापडं कुठेही एकमेकांना चिकटता कामा नयेत, आणि माथ्याजवळ उघडा ठेवता येईल असा झरोका हवा. खालून थंड हवा आत, वरून दमट हवा बाहेर. एकाच भिंतीचे हलके तंबू कोरड्या हवेत उपयोगी आहेत, पण कोकणातून वर येणाऱ्या दमट हवेसाठी मी ते कधीच सुचवणार नाही. जाळीच्या खोलीचा आणखी एक फायदा आहे, आणि आपल्याकडे तो निर्णायक आहे. डास तर झालेच, पण विंचू, गोम आणि साप यांना अटकाव होतो. नुसतं छत ताणून झोपायची पद्धत परदेशात लोकप्रिय असली तरी इथे तळ शिवलेली, चेनने पूर्ण बंद होणारी खोलीच हवी. चेन दर वेळी शेवटपर्यंत लावायची आणि बूट आत घ्यायचे.

दव कमी करायचा निम्मा उपाय जागा निवडण्यात आहे. तलावाला लागून असलेलं मैदान दिसायला सुंदर, पण हवा तिथे सर्वांत दमट आणि रात्री सर्वांत थंड. थंड हवा पाण्यासारखीच सखल भागात साचते. काठापासून थोडं वर, झाडांच्या आडोशाला तंबू लावला तर छत कोरडं राहतं, कारण फांद्या आकाश झाकतात. झाडाखाली लावताना वर बघायचं : वाळकी फांदी आणि मोहोळ. आग्या माश्यांच्या जवळपास तर शेकोटीचा विचारही करू नये.

आता टॅगवरच्या मिलिमीटरांकडे वळू. हा आकडा म्हणजे कापडावर उभ्या केलेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची. 1500 मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंच पाण्याचा स्तंभ त्या कापडावर उभा केला तर तेवढ्या दाबापर्यंत ते झिरपत नाही. पावसाचा थेंब एवढा दाब देत नाही, म्हणून छताला 1500 ते 2000 पुरेसे आहेत. 5000 चं छत घेऊन जास्तीचं वजन तेवढं पाठीवर येतं. तळाचं गणित मात्र निराळं. सत्तर किलोंचा माणूस ओल्या जमिनीवर दोन गुडघ्यांवर बसला, आणि गुडघे मिळून शंभर चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले, तर दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या जवळपास दाब येतो. पाण्याच्या भाषेत हे सात हजार मिलिमीटर झाले. छत कोरडं आणि पथारी ओली असं होतं ते यामुळे. तेव्हा आकडा वाचायचा तो तळाचा, आणि तो कमी असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथरायचं. हे प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं लहान कापावं. मोठं ठेवलं तर छतावरून ओघळलेलं पाणी तेच गोळा करून तंबूखाली आणतं.

पाणी खरं शिरतं ते शिवणीतून. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक वाट. बाहेरचं कापड उलटं करून उजेडासमोर धरा. प्रत्येक शिवणीवर आतून एक अर्धपारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे, सलग, बुडबुडे नसलेली. काठीच्या कोपऱ्याशी, जिथे तीन शिवणी एकत्र येतात, तिथे कारागिराची परीक्षा होते. तिथे पट्टी उचललेली असेल तर दुसरा नग मागावा.

कापडाबद्दल बहुतेक लोकांना नायलॉन श्रेष्ठ वाटतं. वजनाच्या मानाने ते मजबूत आहे, यात वाद नाही. पण नायलॉन साधारण हवेत आपल्या वजनाच्या चार टक्के पाणी शोषतं, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ओलं नायलॉन सैलावतं, छताला झोळ पडतो आणि ते आतल्या जाळीला जाऊन टेकतं. मध्यरात्री बाहेर येऊन दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर ताणलं तसं राहतं, आणि उन्हातही जास्त टिकतं. आपल्या हवेला पॉलिएस्टर मानवतं. ते स्वस्तही आहे, हा योगायोग चांगला.

माणसांचा आकडा झटपट उरकतो. ‘दोघांचा’ याचा अर्थ दोन मॅट एकमेकींना खेटून मावतात, एवढाच. मॅटची रुंदी एकावन्न-बावन्न सेंटिमीटर असते. दोन सॅक आत घ्यायच्या असतील तर तीन माणसांचा तंबू दोघांनी घ्यावा, किंवा दोन्ही बाजूंना दार आणि पडवी असलेला दोघांचा घ्यावा, म्हणजे सॅक आणि बूट पडवीत राहतात. उंच माणसाने दुकानात आत आडवं होऊन बघावं, आणि पाय ताणल्यावर कापडाला लागतात का ते पाहावं.

वजनाला आपल्याकडे पाण्यामुळे धार येते. मार्चनंतर गडावरची टाकी आटू लागतात आणि माणशी चार-पाच लिटर पाणी पाठीवर चढवावं लागतं. तंबूचं वजन माणशी दीड किलोच्या आत असेल तर हे झेपतं. फायबरग्लासच्या काठ्यांचे दोघांचे तंबू अडीच-तीन किलोंच्या पुढे जातात, अॅल्युमिनियमचे दोन किलोंच्या आसपास मिळतात. काठ्या एकाने, कापड दुसऱ्याने असं वाटून घ्यावं. केश्वा या ब्रँडने 2005 साली आणलेला, हवेत फेकला की उघडणारा तंबू गाडीने जाणाऱ्यांसाठी सोयीचा आहे. पण मिटल्यावर त्याची मोठी गोल चकती होते. ती सॅकमध्ये मावत नाही, आणि कातळटप्प्यावर किंवा शिडीवर पाठीला आडवी येते.

हिमालयाचं गणित वेगळं. तिथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि जाळीतून येणारा वारा झोपू देत नाही, म्हणून आतली खोली बरीचशी कापडाची हवी. उंचीवर अतिनील किरण तीव्र असतात, कापड लवकर विरतं. छतावर बर्फ साचला तर तो आतून थोपटून पाडावा लागतो, नाहीतर काठ्या बसतात. पण वर्षा-दोन वर्षांतून एकदा उत्तराखंडात किंवा हिमाचलात जायचं असेल, तर त्यासाठी जड तंबू विकत घेऊ नये. बहुतेक आयोजक तंबू पुरवतात, मनालीत आणि लेहमध्ये ते भाड्यानेही मिळतात. तिथेही जागेचा प्रश्न आता मोठा झाला आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 साली बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, कारण तंबूंखाली आणि माणसांच्या पायांखाली ती कुरणं झिजत होती. निर्णय योग्यच होता, असं मला वाटतं. आपल्याकडेही अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, आणि संरक्षित स्मारकांवर रात्री थांबता येत नाही. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात आणि वनखात्याच्या चौकीत विचारून घ्यावं.

जागेबद्दल आणखी दोन गोष्टी, दोन्ही जिवाशी गाठ असलेल्या. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस विजा घेऊन येतात. तंबू विजेपासून कणभरही संरक्षण देत नाही, म्हणून आभाळ भरलं असेल तर माथा, धार आणि एकटं झाड टाळून खाली उतरावं. दुसरी गोष्ट चुलीची. थंडी आहे, बाहेर वारा आहे म्हणून स्टोव्ह तंबूत पेटवू नये, विझत्या निखाऱ्यांची घमेली आत घेऊ नये. पॉलिएस्टर क्षणात वितळतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

तंबू घरी आणल्यावर पहिल्यांदा गच्चीवर लावावा. दोरीची गाठ आणि काठीची जागा दिवसाउजेडी हाताला कळू द्यावी, मग अर्धा तास नळीने पाणी मारून आत जाऊन बसावं. कुठे ओल दिसली तर तिथे शिवण बुजवायचं द्रव लावता येतं; गडावर रात्री अकरा वाजता ते जमत नाही.

आणि शेवटी तंबूचं आयुष्य, जे मुंबईत आणि कोकणात पुण्यापेक्षा कमी असतं. कापडाच्या आतल्या अंगावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, पाणी तोच अडवतो. दमट आणि उबदार हवेत या थराचे रेणू पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटू लागतात. तंबू न वापरताही हे चालूच राहतं. घडी घालून पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलेल्या तंबूत तर सर्वांत वेगाने. म्हणून गडावरून आल्यावर, तो कोरडा वाटत असला तरी, पंख्याखाली किंवा सावलीत दोरीवर दिवसभर टाकावा, आणि मूळच्या घट्ट पिशवीऐवजी जुन्या सुती उशीच्या खोळीत सैल ठेवावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून हवा द्यावी. वॉशिंग मशीनमध्ये कधीच घालू नये. डाग ओल्या फडक्याने पुसून काढावेत.

कुणाचा वापरलेला तंबू स्वस्तात मिळत असेल तर याच थराची परीक्षा करावी. कापडाची आतली बाजू दोन बोटांत धरून चोळा. ती चिकट लागली, कुबट-आंबट वास आला, किंवा बोटांवर पांढरे पापुद्रे उतरले, तर बाहेरचं कापड संपलेलं आहे आणि ते दुरुस्त होत नाही. काठ्या आणि जाळीची खोली शाबूत असेल तर तेवढ्यापुरतीच किंमत द्यावी. एप्रिल-मेच्या कोरड्या रात्री, पावसाची शक्यता नसताना, गावच्या अंगणात किंवा गच्चीवर ती खोली डासांविना झोपायला आणखी बरीच वर्षं चालते.